शेऱ्याचा रकाना

बाबूजी,

तुमची कम्प्युटरवरची फाइल आज पुन्हा उघडली. उघडायला ती रोजच लागते, लोक काही यायचे थांबले नाहीत, पण आज कोणी आलं म्हणून नाही उघडली. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. आहे दोन ओळींची, पण मी सरळ मुद्द्यावर येणार नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या निबंधाच्या वहीच्या समासात तुम्ही लाल शाईने दर वेळी एकच गोष्ट लिहायचे, "विषयाला धरून लिहावे." घरी मी तुमची मुलगी, वर्गात मात्र तुम्ही कधी एक मार्क जास्तीचा दिला नाही. चाळिशी उलटली तरी विषयाला धरून लिहिणं जमत नाही, तर आता काय जमणार? घ्या ऐकून.

तुमची ती निळ्या कापडी बांधणीची वही अजून माझ्याकडेच आहे. शाळेतून निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून तुम्ही आपल्या समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची माहिती तिच्यात लिहीत होते. एका ओळीत एक माणूस. आधी नाव, मग कूळ, मग आजोळचं कूळ, कारण आपल्यात एका कुळात सोयरीक होत नाही आणि पहिली चौकशी तिथूनच सुरू होते. त्यानंतर जन्मसाल, शिक्षण, कामधंदा, गाव, आणि निरोप कोणाकडे द्यायचा ते. तुम्ही एका चहाशिवाय कोणाकडून काही घेतलं नाही. इटियाडोहच्या कालव्याकडची माणसं, तिरोड्याकडची, आमगावकडची, एसटी बदलून यायची आणि आपल्या घरापुढच्या छपरीत बसायची. माळव्यातून आपली छत्तीस कुळं निघाली असं कोणी सांगायला लागलं की तुम्ही हसून म्हणायचे, "छत्तीसही एका वहीत मावते न, वही तेवढी जाड पायजे." आई होती तोवर चहा तिच्याकडे होता. मी बारावीत असताना ती गेली आणि चहा माझ्याकडे आला, स्वयंपाक मात्र तुम्ही स्वतःकडे घेतला. तुमची लाखोरीची डाळ कधी पातळ, कधी इतकी घट्ट की डाव उभा राहील. मी नाक मुरडलं की तुम्ही म्हणायचे, "खाय चुपचाप. शिकून राहिलो न मीबी."

नव्व्याण्णव साली मी गोंदियाला कम्प्युटर शिकायला जायला लागले. गावात सगळ्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं होतं. पोरगी बी.ए. झाली, बी.एड. करायची सोडून हे काय खूळ? तुम्ही कोणाला उत्तर दिलं नाही. स्टेशनजवळच्या त्या लहानशा सेंटरमध्ये मी शिकले आणि पुढे तिथेच शिकवायलाही लागले, तेव्हा तुम्ही एक दिवस कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मला वाटलं, मिठाई. निघालं आईच्या जांभळ्या लुगड्याचं शिवलेलं कव्हर, कम्प्युटरला घालायचं. बाजारातल्या शिंप्याला तुम्ही माप सांगितलं होतं हातानं, हवेत, त्यामुळे ते एवढं मोठं झालं होतं की टीव्हीसुद्धा आत गेला असता. सेंटरचा मालक म्हणाला, "गुरुजी, ये तो पूरा तंबू है." तुम्ही म्हणाले, "धूळ तं नाही जाणार न आत?" कम्प्युटर चार वेळा बदलले, बाबूजी, कव्हर तेच आहे.

निवृत्त झाल्यावर तुम्हाला घर खायला उठलं. मग एक दिवस सकाळच्या एसटीला तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसले, काखेत वही. "मलेबी शिकव," म्हणाले. कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर तुम्ही एका बोटानं टाइप करायचे, प्रत्येक अक्षर पुटपुटत. माझे विद्यार्थी हसायचे आणि तुम्ही त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून सूड घ्यायचे. पंधरा दिवसांनी मी तुमचं काम बघायला आले तर सगळी वही पहिल्याच रकान्यात. एकेका चौकटीत अख्खा माणूस, नावापासून निरोपापर्यंत, मध्ये स्वल्पविराम. मी कपाळाला हात लावला. "बाबूजी, प्रत्येक गोष्ट वेगळ्या रकान्यात लिहायची असते. तरच शोधता येते."

"कायले? वहीत एका ओळीत एक माणूस राहाते. मी तसाच लिहिणार. माणूस काय तुकड्या-तुकड्यानं येते का घरी?"

तुमच्याशी कोण वाद घालणार? मग मीच फॉर्म्युले बसवायला घेतले. तुमचं पान तसंच ठेवलं, त्याच्यामागे माझं दुसरं पान केलं. पहिला स्वल्पविराम कुठे आहे ते शोध, त्याच्या डावीकडचं उचल, ते झालं नाव. मग दुसरा शोध, दोघांच्या मधलं उचल, ते कूळ. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत फॉर्म्युला इतका लांब झाला की एक कंस चुकला की सगळं आडवं. शेवटी कोणीतरी एक युक्ती सांगितली. प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी शंभर मोकळ्या जागा भरायच्या, म्हणजे मजकुराचे तुकडे एकमेकांपासून लांब लांब जातात. मग शंभर-शंभराच्या पट्ट्या कापायच्या, आणि प्रत्येक पट्टीच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटून टाकायच्या. मागे राहतो नुसता शब्द. तुम्हाला ते समजावून सांगितलं, तर तुम्ही चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे धानाच्या रोवणीवाणीच आहे. अंतर सोडून लावलं की विळा बरोबर बसते." मी फॉर्म्युला एकदा खाली ओढला आणि शेवटपर्यंत सगळे रकाने भरत गेले. तेव्हा तुम्ही टाळी वाजवली. खरंच वाजवली, सगळ्या सेंटरसमोर.

पण तुमचा पत्ता आडवा आला. तुम्ही लिहायचे, मुक्काम अमुक, तालुका तमुक, जिल्हा गोंदिया, आणि प्रत्येकाच्या मागे स्वल्पविराम. त्यामुळे निरोपाच्या रकान्यात तालुका जाऊन बसला. "निरोप तिरोड्याकडे द्यावा" असा कागद घेऊन एक बिचारा माझ्यासमोर उभा होता, तिरोड्यात नेमका कोणाकडे ते विचारत. मी तुमच्यावर चिडले. "पत्त्यात स्वल्पविराम टाकू नका म्हणून किती वेळा सांगायचं?" तुम्ही केवढे दुखावले! "पत्त्यात स्वल्पविराम नाही टाकला तं मी पोरांचा अर्धा मार्क कापत होतो, बाई." तरी ऐकलं. दुसऱ्या दिवशीपासून नुसतं गाव लिहायला लागले. माझ्यासाठी तुम्ही व्याकरण मोडलं, ही काही लहान गोष्ट नव्हती आणि मला ती तेव्हा कळली नाही.

मग आला शेऱ्याचा वाद. मी माझ्या पानावर आठ रकाने केले होते आणि छापून आणलेला पहिला कागद मोठ्या तोऱ्यात तुमच्या हातात दिला. तुम्ही तो उलटा केला, सुलटा केला. "शेरा कुठं आहे? शेऱ्याशिवाय रजिस्टर राहाते का कुठं?" वहीत तुम्ही प्रत्येकाच्या शेवटी काहीबाही लिहायचे. पोरगा बरा आहे, घरात सासू तिखट आहे, असलं. मी म्हटलं, "कागदावर आठच मावतात बाबूजी. आणि असलं काही छापत नाहीत." तुम्ही कागदाची घडी करून खिशात घातली आणि "बरं," म्हणाले. मला वाटलं, मिटलं. तुमचं पान मी त्यानंतर फक्त नवीन नावं आली की मोजायला उघडायचे. वाचलं कधीच नाही.

आता तो दिवस. मला सत्ताविसावं लागलं होतं. स्थळ तुम्हीच तुमच्या वहीतून काढलेलं, कूळ जुळलेलं, आजोळ जुळलेलं, मुलगा कॉलेजात शिकवणारा. माणसं आली, छपरीत बसली. तुम्ही स्वतः पोहे केले होते आणि त्या दिवशी मीठ बरोबर पडलं होतं. सगळं चांगलं चाललं होतं. मुलाच्या मावशीनं मला जवळ बसवून घेतलं आणि पाठीवर हात फिरवत म्हणाली, "मंग हे कम्प्युटर-फम्प्युटर आता बंद करजो न बाई. आमच्याकडं घरात माणूस पायजे." तुम्ही चहाचा ट्रे आणायला उठले. मुलगा पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. मी उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मला कोणी विचारलं होतं का? मला न विचारता ठरवलं बाबूजींनी. मला नाही करायचं."

ट्रे हातात धरून तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. पाहुणे उठले, चपला घातल्या, गेले. मग तुम्ही आत आले, ट्रे ओट्यावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "आज तू मले चारचौघांत पाडलं, बाई." एवढंच. आयुष्यात तुम्ही मला रागावले असं हे एकदाच. ताटं तुम्हीच घासली.

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? गुरुजी दुसऱ्यांच्या पोरींना दहादा विचारतात आणि स्वतःच्या पोरीला विचारलं नाही, असं लोक म्हणायला लागले. काही घरांनी आपली नावं वहीतून काढून घेतली. छपरीतली गर्दी कमी झाली. तुम्ही कोणाला काही समजावायला गेले नाही. माझ्यासाठी कोणी स्थळाचं बोललं की तुम्ही हात हलवायचे, "तिचं सोडा." मी आतून ऐकायचे आणि मला वाटायचं, यांनी मला खोडून टाकलं. आपण बोलायचो, एसटीतून सोबत जायचो, तुम्ही कोपऱ्यात बसून टाइप करायचे. बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमान धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालायला लागलं की तुम्ही खिडकीतून मला दाखवायचे. पण ती एक गोष्ट मध्ये बसून होती. मग एका वर्षी, धान निसवत असताना, तुम्ही दुपारी जेवून छपरीत आडवे झाले ते उठलेच नाही. मी सेंटरमध्ये होते. शेजारच्या काकांनी फोन केला.

यादी मी चालू ठेवली. तुमचं काम होतं म्हणून, आणि खरं तर लोक यायचे म्हणून. दोन-तीन वर्षांनी एक बाई भर दुपारी सेंटरमध्ये आली. हातात माझा छापलेला कागद, चुरगाळलेला. मागे तिची मुलगी. आल्या आल्या तिनं कागद टेबलावर आपटला.

"तू गुरुजींची पोरगी न? तं हे काऊन असं केलं? माज्या पोरीले एका कानानं कमी आयकू येते. म्या गुरुजींले सांगतलं होतं, आधीच लिवून टाका, मागून लपवलं म्हणून कोणी बोलाले नोको. त्याईनं माज्यासमोर लिवलं. कुठं आहे ह्या कागदावर?"

स्थळ आलं होतं, म्हणे. सगळं पसंत पडलं. मग कानाचं कळलं, आणि मुलाकडचे "लपवून ठेवलं" म्हणून शिव्या देऊन गेले. मुलगी मागे उभी राहून आईच्या ओठांकडे बघत होती. मी म्हटलं, "मावशी, बसा तरी." तुमचं पान उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या ओळीवर जाऊन पूर्ण वाचलं. होतं, बाबूजी. आठव्या स्वल्पविरामानंतर होतं सगळं. माझा फॉर्म्युला आठव्या तुकड्यावर थांबायचा, कारण मी त्याला आठच मागितले होते. पुढचं तुम्ही लिहीत होते आणि मी दर वेळी कापून टाकत होते. त्या बाईची मी तिथेच माफी मागितली. ती म्हणाली, "गुरुजी खोटे नव्हते, हे तं समजलं." आणि मुलीला घेऊन गेली.

ती गेल्यावर मी फॉर्म्युला धरून उजवीकडे ओढला. नववा रकाना, दहावा, अकरावा. मग खालपर्यंत. तुमचा आवाज येत गेला, दुसरं काय सांगू? त्या मुलीच्या ओळीत आलं: "डाव्या कानाने कमी ऐकते", पुढे "समोर बसून बोलावे", पुढे "हसते फार गोड". एका मुलासमोर: "वडिलांपुढे तोंड उघडत नाही", "वडिलांना छपरीत बसवून मुलाशी आत बोलावे". एका घरापुढे: "चहा चांगला", "माणसे त्याहून चांगली". मी हसत होते आणि डोळे पुसत होते. कागदावर छापणार नाही असं मी सांगितल्यानंतरही तुम्ही वर्षानुवर्षं एका बोटानं हे सगळं लिहीत राहिले. कोणासाठी लिहीत होते? मग हसता हसता माझी स्वतःची ओळ आली.

नवव्यात: "नोकरी सोडणार नाही". दहाव्यात: "रागीट, पण तेवढ्यापुरतीच", नाही, चुकले, तिथेही तुमचा स्वल्पविराम होता, म्हणून दहाव्यात "रागीट" आणि अकराव्यात "पण तेवढ्यापुरतीच". बाराव्यात: "स्थळ सांगण्याआधी तिला विचारावे". तेराव्यात: "मी विचारले नव्हते". चौदाव्यात: "चूक माझी". पंधरावा मोकळा.

मी रडले, बाबूजी. मुलं टायपिंगची परीक्षा देत होती आणि मी त्यांच्यासमोर बसून हमसून हमसून रडले. एक पोरगी पाण्याचा ग्लास घेऊन आली.

तेव्हापासून कागद आडवा छापते. नववा रकाना शेऱ्याचा, तुमचे सगळे तुकडे पुन्हा स्वल्पविरामांनी जोडून त्यात घातले. त्या मुलीचं लग्न झालं, बरं का. देवरीकडचा मुलगा, शेरा वाचूनच आला आणि तिच्या अगदी समोर बसला. "गुरुजींचा नातू" म्हणत त्यांचं पोरगं मला दाखवायलाही आणलं होतं. माझं लग्न झालं नाही ते झालं नाही, त्याचं रडगाणं तुमच्यापुढे गाणार नाही. माझी ओळ यादीत आहे अजून. फक्त तिचा शेरा मी छापत नाही.

आणि हे सगळं आज का? गेल्या आठवड्यात लग्नात आत्या भेटली. जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, मला वाढता वाढता म्हणाली, "तुज्या बापानं तुले एकदा विचारलं असतं न, तं आज तुजाबी संसार राहिला असता. दादा तसा शहाणा, पण तिथं चुकला." सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मी मान खाली घालून भात कालवत राहिले. या वेळीही.

ते लोक यायच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, मी स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडत बसले होते. तुम्ही वही घेऊन दारात आले. चौकटीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "बाई, घर चांगलं वाटते. पण तुले चालते का? नसन तं आताच सांग, मी निरोप धाडतो. काही नाही होत." मी सुपातून मान वर केली नाही. खडे वेचत होते. माझ्याकडे तेव्हा नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

तुम्ही विचारलं होतं, बाबूजी. मी "चालते" म्हणाले होते.